प्लॅस्टिकचं पिस्तूल आणि आबांचा नेम

आमच्या सासऱ्यांचा प्लॅस्टिकवर विश्वास नव्हता. माणसांवरही फारसा नव्हता, पण माणूस निदान बोलता बोलता उघडा पडतो, प्लॅस्टिक काही बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. घरात पहिली प्लॅस्टिकची बादली आली तेव्हा त्यांनी ती काठोकाठ भरली आणि ओट्यावरून खाली आपटली. तिचा कान तुटला. "बघा," एवढंच म्हणून ते जेवायला बसले आणि त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली. पुढे मळ्यातले लोखंडी पाइप काढून पीव्हीसीचे टाकायची वेळ आली, तर त्यांनी दुकानदाराच्या देखत पाइपवरून बैलगाडी नेली. पाइप टिकला. आबांना ते आवडलं नाही, पण पाइप त्यांनी घेतला. सयाजीआबा हट्टी होते, खोटे नव्हते. म्हणजे, एक गोष्ट सोडली तर.

ती गोष्ट सांगायची तर आधी आमच्या वाडीचं शिलंगण सांगायला हवं. पिंपळवंडीच्या अलीकडे ओढ्याकाठी आमची वाडी. दसऱ्याला सगळी वाडी वाजतगाजत ओढ्यावर जाते. पलीकडच्या दरडीपुढे आपट्याचं जुनं झाड आहे. त्याच्या फांदीला नारळ टांगतात आणि अलीकडच्या काठावर पुरलेल्या दगडापाशी उभं राहून मानकऱ्याने तो बंदुकीने फोडायचा. नारळ फुटल्याशिवाय आपट्याचं पान तोडायचं नाही. तीन बार मिळतात. तिन्ही चुकले तर मान दुसऱ्या पातीला, म्हणजे आमच्या भावकीतल्या कुशाबाच्या घराला. मान आमच्याकडे कधीपासून आहे ते कुणालाच माहीत नाही. कुशाबाला मात्र तो आपल्याकडे कधी येणार याची चिंता जन्मापासून आहे.

आबांकडे आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक होती. पिकाला रानडुकरांपासून राखायला म्हणून तिचा परवाना होता. चाळीस वर्षं आबांनी दसऱ्याला पहिल्याच बारात नारळ फोडला. पहिल्याच. दुसरा बार भरायची वेळ कधी आली नाही. आळेफाट्यापर्यंत लोक सांगायचे, सयाजीची एक गोळी अन् एक नारळ. बंदूक भरायची तीही देवघरात, दार लावून. देवापुढे बार भरताना कुणी बघायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. मी आंबेगाव तालुक्यातली, घोडेगावाकडची. आमच्याकडे असलं काही नव्हतं, त्यामुळे मला सगळ्याचंच कौतुक.

लग्नानंतरचा पहिला दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी मी देवघर झाडलं. पाटाखालून चिमूटभर काळी मोहरी निघाली. अन्न टाकू नये असं आईने शिकवलेलं, म्हणून मी ती फुंकून, पाखडून मिसळणाच्या डब्यात घातली आणि दुपारी आमटीला फोडणी दिली. काही मोहरी तडतडली, काही नुसतीच तळाशी बसून राहिली. वाटलं, जुनी असेल. आबा जेवत असताना कट् असा आवाज झाला. त्यांनी जिभेवरचा दाणा बोटाने काढला, तळहातावर घेतला, बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग तो दाणा बंडीच्या खिशात ठेवला.

"आमटी चांगली झालीय," ते म्हणाले.

तिथेच मला कळलं. मोहरी नव्हतीच ती, छर्रे होते. एक गोळी कसली, आबा बंदुकीत मूठभर छर्रे ठासायचे. सुपाने धान्य उधळल्यासारखे ते उडणार, त्यातला एकही नारळाला लागला नाही तर नवल. त्या दिवसापासून आबांनी माझ्या स्वयंपाकाला कधी नाव ठेवलं नाही. मीठ विसरले तरी नाही. मीही कधी काही बोलले नाही. सासऱ्याचं बिंग सुनेने फोडायचं नसतं, आणि एवढा सोयीचा करार कोण मोडेल?

पण त्या कराराचा भुर्दंड दुसऱ्यालाच पडत होता, आणि तो म्हणजे माझा नवरा. नवऱ्याचं नाव लिहायला आता कुणी उखाणा मागत नाही, म्हणून लिहिते. रामदास. हा माणूस नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा व्यापार करी, पहाटे उठे, चार लोकांचं ऐकून पाचव्याला समजावी, पण घरी आला की आबांपुढे त्याची पाटी कोरी. स्कूटरला तीन किका माराव्या लागल्या की ओट्यावरून आवाज येई, "तीन? माझा एक बार वाया न्हाई गेला कधी." टोमॅटोचा भाव चुकला की तेच. आम्हाला पहिली मुलगी झाली तेव्हासुद्धा त्यांनी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात मी आमटीचं पातेलं जरा जोरात खाली ठेवलं, म्हणून ते गप्प बसले. रामदास हे सगळं हसून घ्यायचा. रात्री मात्र म्हणायचा, "वैजयंती, आबांनी एकदा तरी म्हणावं का नाही, की बरं केलंस पोरा?" मला वाईट वाटायचं. मोहरीचं ओठावर यायचं आणि मी गिळून टाकायची.

बंदुकीच्या नळीला चीर गेली त्या साली बिबट्यांचा फार सुळसुळाट होता. ऊस वाढला तसे बिबटे वाढले. पुण्याच्या कारागिराने नळीत डोकावून सांगितलं, "आजोबा, हिचा आता बार काढाल तर नारळाच्या आधी तुमचं डोकं फुटेल." आबा परत आले आणि बंदूक खुंटीला टांगून दोन दिवस ओट्यावर बसायलाही आले नाहीत. कुशाबा तिसऱ्या दिवशी समाचाराला आला. चहा पिऊन म्हणाला, "आता वयबी झालं, दादा. आमची दुनळी बंदूक हाय. तुमी निवांत बघत बसा."

आता गंमत अशी, की रामदासने पिस्तुलाच्या परवान्यासाठी आधीच अर्ज केलेला होता. पहिल्या अर्जात त्याने कारण दिलं होतं बिबट्या. साहेबाने त्याला समोर उभं करून झापलं, की बिबट्याला मारलंस तर आधी तुलाच आत टाकतो. मग त्याने पहाटेच्या प्रवासाचं कारण दिलं आणि परवाना आला. पुण्यातले एक निवृत्त साहेब आपलं बाहेरदेशचं पिस्तूल विकणार होते. रामदासने ते घेतलं, कागदपत्रं केली, पोलिसांत नोंद केली आणि एका संध्याकाळी घरी आणून आबांच्या पुढ्यात ठेवलं.

आबांनी ते उचललं. त्यांचा हात एकदम वर गेला, कारण त्यांनी लोखंडाच्या अंदाजाने जोर लावला होता.

"हे काय?"

"पिस्तूल, आबा. शिलंगणाला."

आबांनी मुठीवर नख मारलं. टक् आवाज आला. त्यांचा चेहरा बादलीच्या वेळी झाला होता तसा झाला. "प्लॅस्टिक?"

"खालचं अंग प्लॅस्टिकचं. नळी पोलादाची, वरची पेटी पोलादाची. नेम नळीवर असतो आबा, मुठीवर नसतो. आता मोठमोठ्या फौजा हेच वापरतात. गंजत नाही, फुगत नाही, तडकत नाही."

"बादलीवालाबी हेच म्हणला व्हता."

दुसऱ्या दिवसापासून आबांनी पिस्तुलाची परीक्षा मांडली. रामदासने त्यातली काडतुसं काढून कुलपात ठेवली आणि हात जोडले, "आबा, परवान्याची वस्तू आहे." आबा म्हणाले, "म्हणूनच तपासतोय." त्यांनी पिस्तूल सकाळी हौदात बुडवलं आणि संध्याकाळी काढलं. मग भर उन्हात पत्र्यावर ठेवलं, आणि कावळा नेईल म्हणून स्वतः खाली खाट टाकून बसले. मग उकिरड्यात पुरलं. आमची म्हैस रेडकाला चाटायला आली की ते तिच्या पायाखाली सरकवायचे. म्हशीने दोनदा पाय दिला आणि तिसऱ्यांदा त्यावर शेण टाकलं. रोज संध्याकाळी रामदास ते उघडून पुसायचा, तेल द्यायचा आणि रिकामंच खटखट वाजवून दाखवायचा. दर वेळी वाजायचं. एकदा आबांनी ते ओट्यावरून आपटलं, अगदी बादलीच्याच जागेवरून. फरशीचा टवका उडाला.

"याला कान न्हाई," आबा ते उलटंसुलटं बघून म्हणाले. "म्हणून टिकलं."

पण त्यांचं मन काही वळेना. टिकणं वेगळं अन् लागणं वेगळं, असं म्हणून त्यांनी ओट्यावरून नवा पाढा सुरू केला. हलकं हत्यार म्हणजे हलका माणूस. देवाला प्लॅस्टिकचा हार चालत नाही, हत्यार कसं चालंल? रामदास ओढ्यावर जाऊन थोडा सराव करून आला. लागलं का म्हणून मी विचारलं तर म्हणाला, "जवळपास." व्यापारी माणसाचं जवळपास म्हणजे काय ते मला माहीत होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं, अवजारं देवघरात मांडतात. कोयते, विळे, खुरपी, नांगराचा फाळ, पाण्याच्या मोटरचा पाना. पूजा सासूबाईंची. साळुबाई माझ्या सासूबाई, बोलायला कमी आणि करायला घट्ट. प्रत्येक हत्याराला त्या हळदीत भिजवलेलं कच्चं सूत गुंडाळतात. ते सूत नारळ फुटेपर्यंत तोडायचं नसतं, ही दुसरी रीत. ठासणीच्या बंदुकीला अंगभर सूत गुंडाळलं तरी तिचं काही अडत नसे, तिचं काही हलतंच कुठे? पिस्तूल पाहून सासूबाई क्षणभर थांबल्या. मग नवं हत्यार, त्याला मान जास्त, म्हणून त्यांनी मुठीपासून टोकापर्यंत दाट सूत गुंडाळलं. वर कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. आबा दारात उभे राहून बघत होते. रामदास बाजारात होता. मी पाटा-वरवंट्याला हळद लावत होते, आणि खरं सांगायचं तर पिस्तुलाचं काय हलतं आणि काय हलत नाही हे मलाही ठाऊक नव्हतं.

दसऱ्याच्या दिवशी ओढ्यावर सगळी वाडी जमली. हलगी वाजत होती. ठाण्याचे हवालदार दरवर्षीप्रमाणे आले होते आणि दरवर्षीप्रमाणे आपण काही बघितलं नाही असं दाखवायला बाभळीकडे तोंड करून उभे होते. दरडीच्या बाजूला कुणी नाही याची खात्री झाली. कुशाबाने दुनळी खांद्याला लावून आणली होती. कशाला आणली म्हणून कुणी विचारलं तर म्हणाला, "सोबत."

रामदास दगडापाशी गेला. नवा सदरा, डोक्याला फेटा. सूत तोडायचं नाही, म्हणून काडतुसं भरण्यापुरतं आणि चापापाशी बोट जाईल एवढंच त्याने ते अंगठ्याने बाजूला सारलं आणि एक हात कमरेवर ठेवून दुसरा लांब करून पिस्तूल धरलं, टीव्हीवरच्या हिंदी सिनेमातले इन्स्पेक्टर धरतात तसं. मला पाहायला बरं वाटलं, नाही म्हणत नाही. बार झाला. ठासणीच्या धडाक्याची सवय असलेल्या लोकांना तो आवाज लवंगी फटाक्यासारखा वाटला. धूरही नाही. सगळ्यांनी नारळाकडे पाहिलं. नारळ जागेवर.

रामदासने पुन्हा नेम धरला आणि चाप ओढला. काहीच झालं नाही. पुन्हा ओढला. नाही. त्याने पिस्तूल जवळ घेऊन पाहिलं. वरची पेटी अर्धवट मागे सरकून अडकली होती आणि तिच्या खाचेत पिवळं सूत चावल्यासारखं घट्ट बसलं होतं, दोन अक्षतांसकट.

"झालं," कुशाबा म्हणाला. "प्लॅस्टिक."

हा शब्द सगळ्या वाडीत फिरला. प्लॅस्टिक. पाठीमागच्या बाया तोंडाला पदर लावून म्हणाल्या, प्लॅस्टिक. रामदास म्हणाला, "सूत अडकलंय, सूत कापलं की चालेल," तशी म्हातारी माणसं पुढे झाली. नारळ फुटल्याशिवाय सूत तोडायचं नसतं. आणि सूत तोडल्याशिवाय नारळ फुटायचा नव्हता. दोन्ही गोष्टी सगळ्यांना पटल्या आणि सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले. हलगीवाल्याला काय वाजवावं कळेना, म्हणून त्याने हलगी शेकायला घेतली.

मग सासूबाई बायांतून पुढे झाल्या, दगडापाशी गेल्या आणि रामदासपुढे हात पसरला. "आण इकडं."

"आई, ते..."

"तोडायचं नसतं. मी बांधलंय, मी सोडते. सोडू नये म्हणून कोण म्हणलंय? म्हणलं असंल तर पुढं या."

कुणी पुढे आलं नाही. रामदासने आधी काडतुसं काढून खिशात घातली, मग पिस्तूल त्यांच्या हातात दिलं. त्यांनी डोळ्यांजवळ धरून सुताचं टोक शोधलं आणि उसवलेली गोधडी उकलावी तसं हळूहळू सगळं काढलं. अक्षता नखाने टोकरल्या. फुंकर मारली. सूत गुंडाळून कमरेला खोचलं आणि परत येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. "एवढं नाजूक असतंय का हत्यार," त्या पुटपुटल्या.

दुसरा बार. पिस्तूल नीट चाललं. नारळापासून हातभर अंतरावर दरडीची माती उडाली.

आता मात्र लोक मोकळेपणी हसले. कुणीतरी म्हणालं, आबांनी चाळीस वर्षांत एक बार वाया घालवला नाही, राव. दुसरं कुणीतरी म्हणालं, ते लोखंड व्हतं. बंदूकबी अन् माणूसबी. रामदासच्या मानेवर घाम दिसत होता. ह्या माणसाला मी कधी हरलेला पाहिला नव्हता असं नाही, बाजारात रोज हरतो तो, पण सगळ्या गावापुढे बापाच्या नावाने त्याला असं मारलेलं मला सहन होईना. मी आबांकडे पाहिलं. आबा त्याच वेळी माझ्याकडे बघत होते. मी डोळे खाली घेतले नाहीत. सून म्हणून ते चुकलंच, पण नाही घेतले.

तेवढ्यात रामदास दगड सोडून आबांकडे आला. पिस्तूल उलटं धरून, मूठ पुढे करून.

"आबा, शेवटचा बार तुम्ही मारा. मान तुमचा आहे. माझ्याकडून नाही व्हायचं."

आबांनी पिस्तूल घेतलं. मला वाटतं त्यांच्यापुढे रस्ता सोपा होता. एक बार काढायचा, चुकवायचा, आणि म्हणायचं, बघा, प्लॅस्टिक. मान कुशाबाकडे गेला असता, पण आबांचा नेम आळेफाट्यापर्यंत तसाच राहिला असता. लोकांनी वर्षभर प्लॅस्टिकला शिव्या घातल्या असत्या आणि रामदासला जन्मभर. कुशाबाही तोंडदेखलं म्हणाला, "मारा दादा. तुमचा दोष न्हाई. वस्तूच तसली."

आबांनी पिस्तूल तळहातावर तोललं.

"वस्तूत खोट न्हाई," ते म्हणाले. "मी तपासलीय. पाण्यात घातली, पत्र्यावर ठिवली, म्हशीनं तुडवली. माझ्या फरशीचा टवका उडाला, हिचा न्हाई."

"मग नेम..."

"नेम." आबा खाकरले. "माझा नेम कुणी बघितलाय?"

"बघितलाय म्हंजे? चाळीस वर्सं..."

"देवघरात दार लावून मी काय भरायचो, ते कुणी बघितलंय का? मूठभर छर्रे भरायचो, कुशाबा. माझ्या बापानं तेच शिकवलं, त्याला त्याच्या बापानं. मूठभर छर्रे मारल्यावर नारळ काय, निम्मा आपटा फुटतोय. आंधळ्यानंबी फोडला असता. ह्या पोरानं एका गोळीनं हातभर जवळ नेलीय. मी एका गोळीनं कधी दरडसुदिक मारली न्हाई."

हवालदार बाभळीकडचं तोंड विसरून इकडे बघत होते. माझ्या शेजारी सासूबाई हळूच म्हणाल्या, "मला ठावं व्हतं." मी त्यांच्याकडे पाहिलं. "तुझ्या आमटीत त्यांच्या दाताखाली छर्रा आला, त्याच्या लई वर्सं आधी माझ्या आला व्हता," त्या म्हणाल्या. "मी गिळला." एवढी वर्षं त्या घरात एकच गुपित आम्ही दोघी वेगवेगळ्या फडताळांत ठेवून बसलो होतो.

कुशाबाला आधी राग आला, मग आशा वाटली. "मग मान खोटाच म्हणायचा की. आता आमी घेतो."

"घे की," आबा म्हणाले आणि पिस्तूल त्याच्यापुढे धरलं. "दगडापाशी जा. एक गोळी. फोडलास तर मान तुझा, मी स्वतः फेटा बांधीन तुला."

कुशाबाने दुनळीकडे पाहिलं. आबांनी मान हलवली. दुनळीतही छर्रेच असणार, हे एव्हाना शेंबड्या पोरालाही कळलं होतं. कुशाबा पिस्तूल घेऊन दगडापाशी गेला. एक डोळा मिटला. मग तो उघडून दुसरा मिटला. मग दोन्ही मिटून चाप ओढला. धूळ कुठे उडाली ते कुणालाच दिसलं नाही. नारळ वाऱ्यावर जरासा हलला, तोही कंटाळ्याने. दुसऱ्या दिवशी कळलं, दरडीच्या माथ्यावर कुशाबाच्याच उसाला जाणाऱ्या पाइपात आरपार भोक पडलं होतं. पाइप पीव्हीसीचा. बैलगाडी न नेता घेतलेला.

"आता ये," आबा रामदासला म्हणाले. "तुझा एक बार राह्यलाय."

ते स्वतः त्याच्याबरोबर दगडापर्यंत गेले. मग दगडाच्या पुढे गेले. ओढ्यात उतरले. "दगड छर्ऱ्यांसाठी पुरलाय आपल्या पूर्वजांनी," ते मागे न बघता म्हणाले. "एका गोळीला हितनं. कुणाला अडचण हाय?" आत्ताच चुकलेल्या कुशाबाला अडचण असायला नको होती आणि ती नव्हती. घोट्याभर पाण्यात बापलेक उभे राहिले. रामदासने पुन्हा एक हात कमरेवर नेला.

"तो हात काढ तितनं. नाचायला आलास का? दोन्ही हातांनी धर. नांगराची मूठ धरतोस तशी. सैल धरलीस की बैलबी पळत्यात अन् हीबी पळती."

रामदासने दोन्ही हातांनी धरलं. आबा त्याच्या पाठीशी उभे राहिले. हात त्यांनी रामदासला लावला नाही, स्वतःच्याच बंडीच्या खिशात घातला. मी देवाला काय बोलले ते इथे लिहीत नाही, कारण ते फारसं देवाशी बोलण्यासारखं नव्हतं.

बार झाला. नारळ फुटला. म्हणजे खालचा अर्धा फुटून पाण्यात पडला, वरचा अर्धा दोरीला तसाच लटकत राहिला आणि त्यातून पाणी ठिबकायला लागलं. हा फुटला धरायचा का अर्धा धरायचा यावर म्हाताऱ्या माणसांत कुजबुज सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, "फुटला का न्हाई? फुटला. खोबरं खायचंय का मापायचंय?" मग हलगी वाजली आणि लोक आपट्यावर तुटून पडले. नारळाचा खालचा अर्धा वाहत चालला होता, तो हवालदारांनी काढला आणि कुणी बघत नाही असं समजून खाल्ला.

संध्याकाळी सोनं वाटून झालं. आबांच्या पाया पडायला निम्मी वाडी आली. प्रत्येकाने आल्या आल्या छर्ऱ्यांवरून त्यांची टर उडवली आणि आबांनी ती ऐकून घेतली. उद्या आळेफाट्यालाही लोक हेच सांगतील, ते म्हणाले. सांगू देत. कुशाबाही आला. आबांनी त्याला पाइपाला चिकटपट्टी कुठली चांगली ते सांगितलं.

सगळे गेल्यावर त्यांनी रामदासला देवघरात बोलावलं. मी दाराशी होते. त्यांनी दार लावलं नाही. पाटाखालून चामड्याची एक जुनी पिशवी काढली, तिचं तोंड दोरीने आवळलेलं. बंडीच्या खिशातून एक दाणा काढून त्यात टाकला. तो कुठला, ते मी ओळखलं. मग पिशवी रामदासच्या हातात ठेवली.

रामदासने दोरी सैल करून आत पाहिलं. "आबा, हे पिस्तुलात बसत नाहीत."

"ठावं हाय मला," आबा म्हणाले. "तुला लागायचे न्हाईत, म्हणूनच तुझ्यापाशी देतोय."